वेळापत्रकाचं झाड करताना

सदर : संगणक घरोघरी



नावाच्या शेवटी ‘डॉट एमपीपी’ असलेली फाइल कधी ना कधी आपल्या मेलमध्ये येऊन पडते. घराचं बांधकाम निघालेलं असतं, सोसायटीच्या इमारतीची दुरुस्ती असते, नाहीतर ऑफिसात नवीन प्रोजेक्ट सुरू झालेलं असतं. पाठवणारा लिहितो, ‘सोबत वेळापत्रक जोडलं आहे.’ आपण क्लिक करतो आणि मोबाइल सांगतो की ही फाइल उघडता येत नाही. मग कुणीतरी तिचा पीडीएफ पाठवतं. त्यात दीडशे ओळी आणि आडव्या निळ्या पट्ट्या. आई विचारते, “यात आपलं स्वयंपाकघर कधी होणार ते कुठे लिहिलंय?” उत्तर फाइलमध्ये असतं, पण सापडत नाही.

अशा वेळी वेळापत्रक माइंड मॅपमध्ये, म्हणजे मनोनकाशात, घेता येतं. मधोमध प्रकल्पाचं नाव, त्याला फुटलेल्या मोठ्या फांद्या आणि फांद्यांवर लहान लहान कामं. घरातल्या कुणालाही हे चित्र एका नजरेत कळतं. आज ही आयात कशी करायची, तिच्या सेटिंगमध्ये काय निवडायचं आणि फाइलमधलं काय हातातून निसटू शकतं, ते पाहू. निसटण्याचा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पैसे आणि तारखा तिथेच अडकतात.

आधी दोन चित्रांमधला फरक

माइंड मॅप १९७०च्या दशकात टोनी बुझान यांनी लोकप्रिय केला. त्याचा सांगाडा झाडाचा असतो आणि प्रत्येक फांदीला एकच खोड मिळतं. वेळापत्रकाची घडण वेगळी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत आली तेव्हापासून वेळापत्रक म्हणजे जाळं. एका कामाच्या आधी तीन कामं संपावी लागतात, आणि त्या तिन्हींच्या आधी आणखी काही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये झाड आणि जाळं दोन्ही असतात. कोणतं काम कोणत्या गटात मोडतं हे झाड सांगतं. कोणतं काम कशानंतर करायचं हे जाळं सांगतं.

मनोनकाशात आयात करताना झाड आपोआप येतं. जाळं मात्र मुद्दाम मागावं लागतं. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

उदाहरण आपल्या ओळखीचं

आमच्या बडोद्यातल्या एका मंडळाच्या सभागृहाची दुरुस्ती निघाली. गणपतीच्या आधी काम संपायला हवं होतं. कंत्राटदाराकडून वेळापत्रक आलं, आणि समितीतल्या ज्येष्ठांना ते वाचता यावं म्हणून एका तरुण कार्यकर्त्याने त्याचा नकाशा केला. पाच फांद्या झाल्या : गच्ची, वीज, प्लास्टर, रंगकाम आणि स्टेज. नकाशा सुरेख झाला आणि बैठकीत सगळ्यांना समजला.

चर्चा पैशांवर आली. रंगकामासाठी एका कुटुंबाने देणगी दिलेली होती, विजेच्या कामाचे पैसे मात्र अजून गोळा व्हायचे होते. नकाशात या दोन फांद्या समोरासमोर आणि अगदी स्वतंत्र दिसत होत्या. साहजिकच ठरायला लागलं की रंग आधी उरकून घेऊ आणि वायरिंग पुढच्या महिन्यात बघू. तेवढ्यात एक काका म्हणाले, “अरे, रंग दिलेल्या भिंती मग वायरी घालायला फोडणार का?” क्षणभर सगळे गप्प झाले. मूळ वेळापत्रकात तो क्रम स्पष्ट होता : भिंतीत पाइप टाकणं, मग प्लास्टर, ते वाळणं, मग पुट्टी, मग रंग. नकाशात यायचे राहिले होते ते या कामांमधले दुवे. काकांनी आयुष्यभर बांधकामं पाहिली होती, म्हणून गोष्ट तिथेच थांबली. प्रत्येक बैठकीला असे काका असतीलच असं नाही.

म्हणूनच आयात करण्याआधी सेटिंगकडे दहा मिनिटं द्यावीत.

पायरी पहिली : फाइल उघडी करा

एमपीपी ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची बंद पेटी आहे. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती वाचता येत नाही. तिचं उघडं रूप म्हणजे एक्सएमएल. ते मिळवण्याचे दोन मार्ग आहेत.

एक, पाठवणाऱ्यालाच सांगा की ‘सेव्ह ॲज’मध्ये एक्सएमएल निवडून तीच फाइल पुन्हा पाठवा. त्याला अर्धं मिनिट लागतं. दोन, प्रोजेक्टलिब्रे हा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो एमपीपी उघडतो आणि एक्सएमएलमध्ये जतन करून देतो. गँटप्रोजेक्ट हाही मोफत आहे आणि त्यालाही मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइली वाचता येतात.

माइंडमॅनेजर किंवा माइंडव्ह्यू असे विकतचे मनोनकाशा प्रोग्रॅम असतील तर त्यांच्या मेनूतच मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची आयात मिळते. घरी आणि मंडळात आपण बहुधा मोफत प्रोग्रॅम वापरतो, म्हणून पुढचं उदाहरण फ्रीप्लेनचं घेतो. फ्रीमाइंड या जुन्या प्रोग्रॅमपासून तो निघाला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो, आणि त्याची नकाशा-फाइलही साधं एक्सएमएलच असते. म्हणजे काम उरतं एका एक्सएमएलमधून दुसरं तयार करण्याचं.

पायरी दुसरी : कोडिंग न येणाऱ्यांसाठी सरळ रस्ता

पाठवणाऱ्याकडून एक्सेलमध्ये एवढे स्तंभ मागवा : आउटलाइन लेव्हल, कामाचं नाव, सुरुवात, शेवट आणि आधीचं काम. आउटलाइन लेव्हल म्हणजे काम किती खोल पायरीवर आहे तो आकडा. मुख्य गट १, त्याच्या पोटातलं काम २, त्याच्याही पोटातलं ३.

आता नवीन स्तंभात सूत्र लिहून नावाच्या आधी लेव्हलएवढ्या रिकाम्या जागा घाला. एक्सेल आणि लिब्रेऑफिस दोन्हींत त्यासाठी ‘आरईपीटी’ हे फंक्शन आहे, ते दिलेलं अक्षर हवं तितक्या वेळा लिहून देतं. तो स्तंभ कॉपी करा, फ्रीप्लेनमध्ये मधला गोळा निवडा आणि पेस्ट करा. ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा पाहून फ्रीप्लेन फांद्या पाडतो. तारखाही दिसायला हव्या असतील तर सूत्रात नावापुढे शेवटची तारीख जोडून घ्या.

एक्सेल फाइलऐवजी सीएसव्ही आली आणि त्यात मराठी किंवा गुजराती नावं असली, तर ती ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात जतन झालेली असावी. नाहीतर ‘रंगकाम’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल.

या रस्त्याने झाड मिळतं, बाण मिळत नाहीत. वीस-पंचवीस कामं असतील तर महत्त्वाचे बाण फ्रीप्लेनमध्ये हाताने ओढा. ‘आधीचं काम’ हा स्तंभ त्यासाठीच मागवलेला आहे. त्यात कामांचे क्रमांक असतात. त्यावरून काय कशाला जोडायचं ते समजतं.

पायरी तिसरी : थोडं पायथन येणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुला-मुलींनी हे जरूर करून पाहावं. चाळीस-पन्नास ओळींत होतं, पण वाटेतल्या काही जागा आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली जागा, नेमस्पेस. प्रोजेक्टच्या एक्सएमएलमधल्या सगळ्या टॅगना मायक्रोसॉफ्टच्या पत्त्याचं एक अदृश्य आडनाव असतं. ते न घेता नुसतं ‘टास्क’ शोधलं तर प्रोग्रॅम एरर देत नाही, गुपचूप शून्य कामं सापडल्याचं सांगतो. नकाशा रिकामा आला तर पहिला संशय इथे घ्या.

दुसरी जागा, झाडाची रचना. नकाशाच्या फाइलमध्ये फांदीच्या आत फांदी असते. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये मात्र सगळी कामं एकाखाली एक सपाट लिहिलेली असतात आणि फक्त आउटलाइन लेव्हलचा आकडा सोबत असतो. म्हणून कामं क्रमाने वाचा आणि प्रत्येक लेव्हलला शेवटी कोणतं काम आलं ते लक्षात ठेवा. नवीन काम ज्या लेव्हलचं असेल तिच्या एक वरच्या लेव्हलवरचं ताजं काम हे त्याचं पालक. लेव्हल ० असलेली ओळ म्हणजे संपूर्ण प्रकल्प, ती मधल्या गोळ्यात जाते. ‘इज नल’च्या पुढे १ असेल तर ती माणसाने मोकळी सोडलेली ओळ आहे, तिला गाळा.

तिसरी जागा, दोन प्रकारचे क्रमांक. ‘आयडी’ हा ओळीचा क्रमांक असतो, मध्ये एक काम घुसवलं की पुढचे सगळे बदलतात. ‘यूआयडी’ मात्र कामाला एकदा चिकटला की सुटत नाही. आयडी म्हणजे रांगेतला नंबर आणि यूआयडी म्हणजे आधार क्रमांक असं समजा. नकाशातल्या फांदीची ओळख यूआयडीवरूनच ठरवा.

चौथी जागा, कालावधी. पाच दिवसांचं काम फाइलमध्ये चाळीस तास म्हणून लिहिलेलं असतं, कारण मूळ सेटिंगमध्ये दिवस ८ तासांचा धरलेला असतो. चाळीसला २४ ने भागलं तर पावणेदोन दिवसांपेक्षाही कमी काम उरतं. दिवसाची मिनिटं याच फाइलच्या वरच्या भागात दिलेली असतात, सहसा ४८०. भागाकार त्यांनीच करा.

पाचवी जागा, माणसांची नावं. काम कोणाकडे आहे हे कामाच्या नोंदीत मिळत नाही. कामांची एक वही, माणसांची दुसरी, आणि कोणतं काम कोणाला दिलं याची तिसरी, अशा तीन वेगळ्या याद्या असतात. तिसरीवरून पहिल्या दोन जोडाव्या लागतात. तिथे माणसाच्या जागी उणे ६५५३५ असा विचित्र आकडा दिसला तर दचकू नका. त्याचा अर्थ इतकाच की अजून कुणाला नेमलेलं नाही. बैठकीच्या दृष्टीने ही फार उपयोगाची माहिती आहे, अशा फांदीला वेगळा रंग द्या.

पायरी चौथी : बाण

आता मूळ मुद्दा. प्रत्येक कामाच्या नोंदीत त्याच्या आधीच्या कामाचा दुवा असतो : आधीच्याचा यूआयडी, दुव्याचा प्रकार आणि मधलं अंतर.

दुव्याचे प्रकार चार आहेत. ० म्हणजे दोन्हींचे शेवट एकमेकांना बांधलेले. १ म्हणजे पहिलं संपल्यावर दुसरं सुरू. २ म्हणजे पहिलं सुरू झाल्यावर दुसरं संपतं. ३ म्हणजे दोन्हींच्या सुरुवाती बांधलेल्या. आपल्या वापरात बहुतेक ठिकाणी १ असतो. इतर प्रकार आले तर बाणावर तसं लिहा, कारण नुसता बाण पाहून लोक ‘हे संपल्यावर ते’ असंच वाचतात.

अंतराचा आकडा मिनिटाच्या दहाव्या भागात मोजलेला असतो. ८ तासांच्या एका दिवसाला ४८०० येतात. इथे आणखी एक खुबी आहे. प्लास्टरवर पाणी मारत सात दिवस ठेवायचं असेल तर ते सात दिवस कॅलेंडरचे असतात, कारण सिमेंट रविवारी सुट्टी घेत नाही. असे सलग सात दिवस म्हणजे १,००,८०० आणि कामाचे सात दिवस म्हणजे ३३,६००. अंतर कोणत्या प्रकारचं आहे ते शेजारच्या ‘लॅग फॉरमॅट’मध्ये लिहिलेलं असतं : ७ म्हणजे कामाचे दिवस, ८ म्हणजे सलग दिवस.

दिशेकडेही नीट पाहा. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये दुवा नंतरच्या कामात लिहिलेला असतो. फ्रीप्लेनमध्ये बाण जिथून निघतो त्या फांदीत लिहिला जातो. म्हणजे रंगकामात सापडलेला दुवा प्लास्टरच्या फांदीत नेऊन लिहायचा. जागा बदलली नाही तर बाण उलटे फिरतात, आणि नकाशा सांगतो की आधी रंग, मग प्लास्टर.

सगळेच बाण काढले तर नकाशाचा मांजा होतो, उत्तरायणानंतर तारांवर अडकलेला असतो तसा. माझा नियम असा : एकाच मुख्य फांदीतले दुवे काढत नाही, कारण तिथे कामं बहुधा क्रमानेच लिहिलेली असतात. एका फांदीतून दुसऱ्या फांदीत जाणारे बाण मात्र सगळे काढतो. गोंधळ उडतो तो विजेपासून प्लास्टरकडे जाणाऱ्या बाणासारख्या बाणांवरच. उरलेले दुवे ‘आधीचं काम’ या नावाने त्या फांदीच्या गुणधर्मांच्या तक्त्यात ठेवतो, म्हणजे काही हरवत नाही.

काय कुठे ठेवावं

- कामाचं नाव फांदीवर. दुसरं काहीही फांदीवर नको.
- सुरुवात, शेवट आणि जबाबदार व्यक्ती गुणधर्मांच्या तक्त्यात. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, वेळ गाळून.
- काम किती टक्के झालं ते खुणेने : पूर्ण झालेल्याला बरोबरची खूण. सुरू असलेल्याला वेगळी.
- टप्पा, म्हणजे माइलस्टोन, याला झेंडा.
- ‘क्रिटिकल’ असलेल्या कामाला लाल रंग. या कामाला एक दिवस उशीर झाला तर शेवटची तारीखही एक दिवस पुढे जाते.
- टिपा फांदीच्या नोटमध्ये.
- मजुरीचे दर आणि खर्च कुठेच नाही. फाइलमध्ये ते बहुधा असतात. नकाशा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो तेव्हा कुणाची मजुरी किती आहे हे दोनशे जणांना कळायचं कारण नाही.

पहिल्यांदा उघडताना दोन पातळ्याच दिसतील असं ठेवा. बाणांवर बोलायचं असेल तेव्हा संबंधित फांद्या उघडा. ज्यांच्याकडे फ्रीप्लेन नाही त्यांच्यासाठी तिथूनच पीडीएफ किंवा चित्र काढता येतं.

चार तपासण्या

नकाशा कुणाला पाठवण्याआधी एवढं पाहा. कामांची संख्या मूळ फाइलशी जुळते का? सगळ्यांत शेवटची तारीख तीच आहे का? दुव्यांची संख्या, बाण आणि तक्ता मिळून, तेवढीच भरते का? आणि सर्वांत खोल असलेलं एखादं काम निवडून त्याचं पालक, तारीख आणि आधीचं काम हाताने पडताळून पाहा. चारही जुळलं तर नकाशावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नकाशाला काय येत नाही

नकाशा म्हणजे त्या दिवशी काढलेला फोटो. प्रोजेक्टमध्ये एक तारीख पुढे ढकलली की तिच्यावर अवलंबून असलेली पुढची कामं आपोआप सरकतात. नकाशात तारीख बदलली तर फक्त ती अक्षरं बदलतात. म्हणून नकाशावर चर्चा करा, प्रश्न लिहा, नावं सुचवा. तारखा मात्र मूळ वेळापत्रकातच बदलून घ्या आणि नकाशा पुन्हा काढा. प्रत्येक नकाशाच्या मधल्या गोळ्यात ‘अमुक तारखेच्या फाइलवरून’ असं लिहिण्याची सवय ठेवा. दोन महिन्यांनी जुना नकाशा फॉरवर्ड होत फिरतो, तेव्हा ही ओळ कामी येते.

पुन्हा काढलेल्या नकाशात आपण जुन्यावर लिहिलेले शेरे येणार नाहीत. पायथनचा रस्ता घेतला असेल तर शेरे यूआयडीसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी जोडून घ्या. हाताचा रस्ता असेल तर शेरे वेळापत्रक सांभाळणाऱ्याकडे देऊन मूळ फाइलच्या टिपांमध्येच लिहून घ्या.

शेवटी कॅलेंडर. प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार चालतं आणि त्यात एकही सण नसतो. आपल्याकडे कारागीर शनिवारी येतात, उत्तरायणाला आणि धुळवडीला येत नाहीत, आणि दिवाळीला गावी गेले की लाभपंचमीनंतरच परततात. फाइलमध्ये हे भरलेलं नसेल तर नकाशातल्या तारखा कितीही सुबक दिसल्या तरी त्या हवेत लिहिलेल्या आहेत. वेळापत्रक हाती आलं की पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : “कॅलेंडरमध्ये आपले सण घातले आहेत का?” उत्तर ‘नाही’ आलं तर आयात तिथेच थांबवा आणि आधी ते भरून घ्या.

मुलांनो, सुट्टीत घरातल्या कुठल्याही कामाचं असं वेळापत्रक मिळालं तर त्याचं झाड करून पाहा आणि आजी-आजोबांसमोर ठेवा. त्यांना एमपीपी ठाऊक नसेल, पण कशानंतर काय करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बाण बरोबर पडले आहेत की नाही, हे तपासायला त्यांच्याइतका चांगला परीक्षक मिळणार नाही.